मोंढ्याचे भाव आणि डॉलरचं चिन्ह

परभणीच्या मोंढ्यातले भाव मोबाइलवर दाखवणारं छोटं वेब ॲप करत होतो. यादी चढत्या क्रमाने लावली, तर १०००० ची तूर वर आणि ४२०० चं सोयाबीन खाली. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेतलं क्रम लावणारं ‘सॉर्ट’ काही सांगितलं नाही तर आकड्यांनाही अक्षरंच समजतं, त्यामुळे १ ने सुरू होणारं ४ च्या आधी.

असल्या खोडी जुन्याच. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप या ब्राउझर कंपनीत या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. पुढे ब्राउझरागणिक बोली बदलली. बटण दाबल्याचं कळायला इंटरनेट एक्स्प्लोररला ‘अटॅच-इव्हेंट’ लागायचं, फायरफॉक्सला ‘ॲड-इव्हेंट-लिसनर’. एकच काम दोनदा लिहा!

हा वैताग मिटवायला मदतनीस लायब्रऱ्या, म्हणजे आयत्या कोडचे संच, आले. २००५ च्या प्रोटोटाइपने आणि पाठोपाठ मूटूल्सने भाषेच्या ॲरेलाच (यादी ठेवणाऱ्या रचनेला) नव्या सोयी चिकटवल्या. दुसऱ्याच्या घरात जाऊन खुंट्या ठोकाव्यात, तसं. त्याची किंमत पुढे भाषेलाच मोजावी लागली: ॲरेत एखादी गोष्ट आहे का हे सांगणाऱ्या सोयीला ‘कंटेन्स’ हे नाव ठरत होतं, पण मूटूल्सवरच्या जुन्या साइट मोडायला लागल्या, म्हणून ते ‘इन्क्लूड्स’ झालं. जॉन रेसिग यांची जेक्वेरी (२००६) शहाणी निघाली. तिने सगळा पसारा एका डॉलरच्या चिन्हामागे ($ या एकाच नावाखाली) ठेवला. २००९ मध्ये अंडरस्कोर आली, २०१२ मध्ये लोडॅश. नावाप्रमाणे त्यांनी खालची रेघ (_) धरली.

मधल्या काळात एनपीएम या लायब्रऱ्यांच्या कोठारामुळे लायब्ररी आणणं एका ओळीवर आलं आणि हात सैल सुटले. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ ही अकरा ओळींची चीज तिच्या लेखकाने काढून घेतली, तर तिच्यावर विसंबलेल्या प्रोग्रामांची जगभरची बांधणी (बिल्ड) कोसळली.

तोवर भाषाही सुधारली होती. यादी बदलणारं मॅप, गाळणारं फिल्टर, शोधणारं फाइंड आता भाषेच्या घरचेच. माझं सॉर्टसुद्धा ‘अ वजा ब’ एवढ्या तुलनेवर सरळ झालं, त्याला लायब्ररी कशाला?

शोधपेटीचं मात्र तसं नव्हतं. ‘सोयाबीन’ लिहिताना दर अक्षराला सर्व्हरकडे हेलपाटा, आणि खेड्यात रेंज ही अशी. टाइप करणारा थांबेपर्यंत वाट बघणारं ‘डिबाउन्स’ अजून भाषेत नाही. अख्खी लोडॅश दाबून बारीक केली तरी साधारण २४ केबी, म्हणून तिची सुटे तुकडे घेता येणारी आवृत्ती ‘लोडॅश-ईएस’ बसवून त्यातलं तेवढंच एक फंक्शन इम्पोर्ट केलं. मुदत ठेवली ३०० मिलिसेकंद.