समालोचकाला हसू का आवरत नाही?

सामन्याचं वर्णन करता करता एखाद्या समालोचकाला हसू फुटलं की त्याची क्लिप फिरू लागते, आणि तिच्याखाली एक शेरा हमखास येतो: ‘एवढंही आवरता येत नाही?’ मला हा शेरा दर वेळी खटकतो. त्या क्षणी त्या माणसाच्या बरगड्यांत काय चाललेलं असतं ते एकदा कळलं, की हसू न आवरणं अगदी साहजिक वाटतं. थक्क व्हायला होतं ते हसू दाबून पुढचं वाक्य पुरं करणाऱ्याकडे बघून.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ९ ऑगस्ट १९९१चं आहे. लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड-वेस्ट इंडीज कसोटीचा दिवसाचा खेळ संपला होता. बीबीसी रेडिओवर ब्रायन जॉन्स्टन आणि जोनाथन ॲग्न्यू आढावा घेत होते. कर्टली ॲम्ब्रोजच्या चेंडूवर इयन बोथमचा तोल गेला होता. स्टंपांवरून पाय पलीकडे टाकून वाचायची त्यानं धडपड केली, पण मांडी घासली आणि बेल पडली. ॲग्न्यू म्हणाला, त्याला पाय काही पलीकडे टाकता आला नाही. इंग्रजीत ‘लेग ओव्हर’ या शब्दप्रयोगाला एक चावट अर्थही आहे. जॉन्स्टन तेव्हा ७९ वर्षांचे होते, अनेक दशकं मायक्रोफोनसमोर काढलेले. ते नेटानं पुढे बोलत राहतात. मग आवाज थरथरतो, चढतो, शिट्टीसारखा बारीक होतो आणि शब्दच थांबतात. शेजारी ॲग्न्यूचीही तीच गत झालेली ऐकू येते.

ही ध्वनिफीत मी कितीदा ऐकली असेल याची गणती नाही. तिच्यात एक अख्खा शरीरशास्त्राचा धडा आहे.

आधी बोलण्याचा श्वास पाहू. गप्प बसलेलो असताना श्वास आत घ्यायला आणि बाहेर सोडायला फार वेगळा वेळ लागत नाही. बोलताना मात्र आपण झटकन हवा आत ओढतो आणि मग काही सेकंद ती जपून खर्च करतो. फुप्फुसं ताणलेल्या रबरासारखी असतात. नुसती सोडून दिली तर हवा भस्सकन निघून जाईल. म्हणून वाक्याच्या सुरुवातीला श्वास आत घेणारे, बरगड्यांमधले स्नायूच लगाम खेचून धरतात. हवा कमी होत गेली की ते हळूहळू सैल पडतात आणि श्वास बाहेर ढकलणारे स्नायू काम हाती घेतात. या देवाणघेवाणीमुळे स्वरतंतूंखालचा दाब जवळजवळ एकसारखा राहतो. म्हणून वाक्याच्या शेवटीही आपला आवाज शाबूत असतो. हे सगळं आपण रोज दिवसभर करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो!

आता याच स्नायूंवर हसू स्वार होतं. बरगड्यांचे आणि पोटाचे स्नायू धक्क्यांनी आवळले जातात. एका ‘हा’च्या सुरुवातीपासून पुढच्या ‘हा’च्या सुरुवातीपर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. लगाम वगैरे काही उरत नाही. साध्या श्वासात जिथे हवा सोडणं थांबतं, त्याच्याही खाली फुप्फुसं रिकामी होत जातात. पोट दुखेपर्यंत हसलो असं आपण म्हणतो, ते दुखणं या पोटाच्या स्नायूंचंच असतं. दाब एकदम वाढला आणि स्वरतंतू ताणले गेले की स्वर चढतो. जॉन्स्टन यांचा आवाज शिट्टीसारखा झाला तो यामुळेच. त्यांना शब्द सुचत नव्हते असं नाही, शब्दांना लागणारी हवाच शिल्लक नव्हती.

मग मेंदू हे थांबवत का नाही? कारण तिथून निघणाऱ्या वाटा दोन आहेत. बोलण्याचा हुकूम मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, हालचालींच्या भागातून निघतो. खरंखुरं हसू उत्क्रांतीच्या दृष्टीनं फार जुन्या वाटेनं येतं: अग्र सिंग्युलेट बाह्यक, हायपोथॅलॅमस आणि मध्यमेंदूतला पेरिॲक्विडक्टल ग्रे नावाचा पेशींचा पुंजका. या दोन वाटा वेगळ्या आहेत याचा पुरावा दवाखान्यात दिसतो. पक्षाघाताच्या काही रुग्णांना ‘हसा’ म्हटलं तर ओठाची एक बाजू हलवता येत नाही, पण खरोखर गंमत वाटली की चेहरा दोन्ही बाजूंनी फुलतो. काहींचं नेमकं उलटं होतं. वाटा दोन असल्या तरी छातीच्या मज्जारज्जूत त्या ज्या चेतापेशींवर उतरतात, त्या एकच. एका गाडीचं चाक दोन चालकांच्या हाती, असा हा प्रकार आहे.

माणसाचं हसू असं तुकड्यातुकड्यांचं का, यावर रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकानं मांडलेला विचार मला फार आवडतो. चिंपांझी हसतो ते धापा टाकल्यासारखं: एक आवाज श्वास आत घेताना, एक सोडताना. चार पायांवर धावणाऱ्या प्राण्याचा श्वास पावलांशी बांधलेला असतो. पुढचे पाय आपटताना छातीला आधार लागतो. आपण दोन पायांवर उभे राहिलो, छाती मोकळी झाली आणि एकाच उच्छ्वासाचे हवे तसे तुकडे करता येऊ लागले. त्या तुकड्यांतून आपलं ‘हा-हा’ आलं आणि वाक्यंही आली, असं त्याचं म्हणणं.

हसून हसून हातपाय गळाले, मुरकुंडी वळली, असं आपण म्हणतो तेही शब्दशः खरं आहे. गुडघ्यामागच्या चेतेला विजेचा हलका झटका दिला की पोटरीचा स्नायू आपोआप आखडतो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की माणूस मनापासून हसत असताना ही प्रतिक्षिप्त क्रिया ठळकपणे मंदावते.

हसण्याची दुसरी बाजू संघांना उपयोगाची आहे. ऑक्सफर्डमधल्या एका प्रयोगात १२ वल्हेपटूंना व्यायामयंत्रावर कधी एकट्यानं, कधी गटानं एका तालात वल्हवायला लावलं आणि नंतर दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळून वेदना किती सोसते ते मोजलं. गटात वल्हवल्यावर ते जास्त सोसू शकले. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटाला एकत्र हसण्यातही असाच परिणाम दिसला. २०१७ साली फिनलंडमध्ये १२ पुरुषांच्या मेंदूच्या ‘पेट’ (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा माग काढणाऱ्या तपासणीत, मित्रांसोबत हसल्यावर शरीरातली वेदना शमवणारी अफूसारखी रसायनं स्रवल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणून ड्रेसिंग रूममध्ये पोरांना हसवणाऱ्या प्रशिक्षकाला मी वेळ वाया घालवणारा म्हणणार नाही. मात्र ‘रोज खदखदून हसा, कर्करोग पळवा’ असे जे संदेश फिरतात, त्यांना या प्रयोगांचा काडीचाही आधार नाही. दंडाला आवळलेला पट्टा थोडा जास्त वेळ सोसणं आणि रोग बरा होणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. असल्या संदेशांपायी कुणी औषध थांबवलं तर ते जिवावर बेतेल.

खेळाडू थट्टा केव्हा करतात ते नीट पाहा. उसेन बोल्ट शर्यतीआधी कॅमेऱ्यासमोर हावभाव करायचा, पण ‘सेट’ म्हटलं की पुतळा. डिसेंबर २०१८मध्ये मेलबर्न कसोटीत ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा कप्तान टिम पेननं ऋषभ पंतला आपली मुलं सांभाळायला येतोस का असं विचारलं, पंतनं त्याला ‘हंगामी कप्तान’ म्हणून चिडवलं. स्टंप माइकमध्ये सापडलेलं हे सगळं दोन चेंडूंच्या मधलं आहे. झेप घ्यायला, फटका मारायला, वजन उचलायला धड घट्ट लागतं आणि त्यासाठी श्वास ताब्यात लागतो. चेंडू पडून गेला की खेळाडू श्वास सोडू शकतो, हसू शकतो. समालोचकाला अशी फट मिळत नाही. त्याचा खेळच श्वासाचा आहे, आणि जॉन्स्टन यांच्यासमोरचा मायक्रोफोन तेव्हा चालूच होता.