शोक-समुपदेशन

शोक-समुपदेशन : मृत्यूने किंवा तशाच मोठ्या हानीने हादरलेल्या माणसाला मानसशास्त्रज्ञ वा प्रशिक्षित समुपदेशक करीत असलेले पद्धतशीर साहाय्य. शोक हा विकार नव्हे. बहुतेक माणसे भावकी, शेजारपाजार आणि कामधंदा यांच्या आधाराने सावरतात. सरसकट सगळ्यांना समुपदेशन देऊन फारसे साधत नाही. अपघात, आत्महत्या, महापूर, मूल जाणे अशा प्रसंगी मात्र शोकाला मानसिक आघाताची जोड मिळते आणि तेथे तज्ज्ञाची गरज लागते.

उपपत्ती : या विषयाचा आरंभ सामान्यतः मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांच्या शोकावरील १९१७ मधील निबंधापासून धरतात. उपचारपद्धती म्हणून तो मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक. बॉस्टनमधील एका नाइट क्लबला नोव्हेंबर १९४२ मध्ये लागलेल्या आगीनंतर त्यांनी मृतांच्या आप्तांवर उपचार केले आणि १९४४ मध्ये, इतर शोकग्रस्त धरून, १०१ जणांची निरीक्षणे मांडली. आठ-दहा भेटींत, चार ते सहा आठवड्यांत शोक मार्गी लागतो, हा त्यांचा अंदाज फारच आशावादी ठरला. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांचे नकार, राग, सौदा, विषण्णता व स्वीकार हे पाच टप्पे (१९६९) सर्वांत लोकप्रिय. पण ते मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींवर बेतलेले होते, मागे राहिलेल्यांवर नव्हे. टप्पे ठरल्या क्रमाने येतात, याला पुरावा तोकडा आहे. ‘मला अजून राग कसा आला नाही’ म्हणून खंतावणारी माणसे भेटतात, ती या उपपत्तीच्या लोकप्रियतेमुळेच. मार्गारेट स्ट्रोब व हेंक शुट यांचे द्विप्रक्रिया-प्रतिमान (१९९९) व्यवहाराला जवळचे वाटते. त्यानुसार माणूस दुःखाला सामोरे जाणे आणि पुढचे जगणे उभे करणे या दोहोंत ये-जा करतो. माणूस सकाळी फोटोपुढे रडतो आणि दुपारी वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जातो; हे हेलकावे म्हणजेच सावरणे. एकाच टोकाला अडकून पडणे चिंतेचे.

मुदतीचा वाद : जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती (अंमल १ जानेवारी २०२२) किमान सहा महिने टिकलेला आणि त्या समाजाच्या रूढ मर्यादेपलीकडे गेलेला तीव्र शोक हा ‘प्रदीर्घ शोकविकार’ मानते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या नियमावलीत प्रौढांसाठी बारा महिने व मुलांसाठी सहा महिने अशी मुदत आहे. कोल्हापूर परिसरात बारा महिनेच अधिक जुळतात. अनेक घरांत वर्षश्राद्धापर्यंत सण करीत नाहीत. पहिली गौराई, पहिली दिवाळी सुनी जाते. तो रिवाज आहे, लक्षण नव्हे.

भेटीची रीत : कोल्हापुरात निधनवार्तेच्या शेवटी रक्षाविसर्जनाचा वार व वेळ हमखास छापलेली असते. तेव्हा आणि उत्तरकार्याला घर भरलेले असते; त्यानंतर मात्र पाहुणे पांगतात. समुपदेशकाने नेमके तेव्हा जावे. आधी देहाची चौकशी : ‘मावशी, जेवलासा काय?’, झोप लागते का, गोळ्या चुकल्या का. मग गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलावे. नाव टाळले की समोरचाही मिटतो. लहान मुलांना ‘देव घेऊन गेला’ किंवा ‘झोपला’ असे सांगू नये, कारण मूल ते अक्षरशः धरते आणि झोपेलाच भिऊ लागते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर तणनाशक-कीटकनाशकाचे डबे त्याच दिवशी घराबाहेर काढावेत, रात्री सोबत ठेवावी आणि मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. टेलि-मानस (१४४१६) ही दूरध्वनी सेवा चोवीस तास मराठीतही मिळते.

महापूर : कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. अशा वेळी ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ ही मानसिक प्रथमोपचाराची त्रिसूत्री (जागतिक आरोग्य संघटना, २०११) पुरेशी असते. निवारा शाळेत सगळ्यांना गोल बसवून ‘काय झाले ते सांगा’ म्हणणे ही नेहमीची चूक. एकदाच घेतलेल्या अशा सक्तीच्या सत्राने आघातोत्तर विकार टळत नाही, काहींना उलट त्रास होतो. दावणीची म्हैस पाण्यात गेली, तर पंचनाम्यात तिची किंमत लागते, पण म्हशीसाठी रडणाऱ्याला लोक हसतात. समाज ज्याला शोक मानतच नाही, अशा शोकाला शोकविषयाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये नाव दिले. मराठीत त्याला ‘अमान्य शोक’ म्हणता येईल.

सामाजिक न्याय : दुःखाचे मूळ व्यवस्थेत असेल तर केवळ व्यक्तीवर उपचार अपुरे, ही भूमिका मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ इग्नासियो मार्टिन-बारो यांनी मांडली (१९८९ मध्ये लष्कराकडून त्यांची हत्या). कोल्हापुरात हा विचार वेगळ्या वाटेने आधीच आलेला दिसतो : शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या सुमारास, मे २०२२ च्या आरंभी, शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठराव झाला तरी अंत्ययात्रा निघताना भावकीतल्या वडीलधाऱ्या बायकांचे दडपण असतेच, आणि पुढे घरात काही वाईट घडले की बोट त्या विधवेकडेच वळते. म्हणून सासू, जाऊ आणि माहेरचा भाऊ यांच्याशी आधी बोलून ठेवावे लागते. बाईने स्वतःहून बांगड्या उतरवायचे ठरवले, तर त्यालाही आडकाठी करू नये. विचारायचे ते तिला, आणि सोप्यात (ओसरीवर) घोळक्यासमोर नव्हे, आत स्वयंपाकघरात, एकटीला.