शेततळं आणि पाझर तलाव: कोणतं आटावं, कोणतं आटू नये

आमच्या जालन्याकडे जानेवारीत पाझर तलाव कोरडा पडला की पारावर बोलणं ठरलेलं: "तलाव फुटका हाय, पाणी थांबतच नाही." त्याच रस्त्याला मार्चमध्ये कुणाचं शेततळं तुडुंब दिसलं की म्हणायचं, "पाणी अडवावं तर असं!" दोन्ही तळीच, म्हणून दोन्हींना एकच माप लावलं जातं. इथेच चूक होते.

पाझर तलाव पाणी साठवायला बांधतच नाहीत. 1972 च्या दुष्काळात आपल्या माणसांनी खडी फोडून, माती वाहून असे तलाव उभे केले, ते पाणी जमिनीत उतरावं म्हणून. आपल्या पायाखाली काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. तलावातलं पाणी तिथे मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींचे झरे वाहते राहतात. त्या विहिरींना पाणी असेल, तर कोरड्या तलावाने आपलं काम केलं. उलट मे महिन्यातही तलाव डबडबलेला असेल, तर तळाशी गाळ बसलाय असं समजावं. तो गाळ काढून हलक्या रानात टाकला की रानही सुधारतं.

शेततळ्यात कागद अंथरला, म्हणजे प्लास्टिकचं अस्तर घातलं, की काहीच मुरत नाही. ती निव्वळ टाकी. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, उतरत्या बाजूंच्या तळ्यात साधारण 22 लाख लिटर पाणी मावतं. मोसंबीची बाग उन्हाळ्यात तगते ती यावर, आणि ती जगलीच पाहिजे.

पण हे तळं भरलं कशाने? पावसाचं वाहून जाणारं पाणी घेतलं तर बचत झाली. बोअर चालवून भरलं, तर शेजाऱ्यांच्याही विहिरींचं पाणी उपसून उन्हात मांडलं. एप्रिल-मेमध्ये दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर काठोकाठ तळ्याच्या 900 चौरस मीटरवरून रोज 7,200 लिटर हवेत जातं. दोन दिवसांत एक टँकर! जमिनीखाली होतं तोवर त्याला ऊन लागत नव्हतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या मराठवाड्यात ही उधळण बघवत नाही.

म्हणून भरलेलं शेततळं दिसलं की मी आधी पाइप बघतो, ओढ्याकडून आलाय की बोअरकडून.