गॅमा किरण वेळ सांगून येत नाहीत

गंगापूर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तो निरोप पुन्हा फिरतोय : रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून घातक कॉस्मिक किरण जाणार, मोबाईल बंद करून लांब ठेवा. धादांत खोटे! अंतराळातले गॅमा किरण, म्हणजे क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेचा प्रकाश, वातावरणातच अडतात. शिवाय त्यांचे खरे महास्फोट आधी वेळ कळवत नाहीत. ते आकाशात कुठेही होतात आणि सेकंदाच्या अंशापासून काही मिनिटांपर्यंत टिकतात. पहिला दिसला १९६७ साली, चोरट्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकी वेला उपग्रहांना.

म्हणून हे किरण टिपणारा डिटेक्टर अंतराळात हवा आणि सतत जागा हवा. जर्मेनियमचा डिटेक्टर अचूक, पण द्रव नायट्रोजनइतका थंड ठेवावा लागतो. कॅडमियम झिंक टेल्युराइड या अर्धवाहकाचे तसे नाही, तो साधारण खोलीच्या तापमानालाही काम करतो. २०१५ साली झेपावलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर त्याचे ६४ डिटेक्टर आहेत, प्रत्येकात २५६ पिक्सेल, म्हणजे स्वतंत्रपणे सिग्नल देणारे चौकोन.

गॅमा फोटॉन, म्हणजे या प्रकाशाचा एक कण, डिटेक्टरच्या स्फटिकात शोषला गेला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्रत्येकामागे एक रिकामी जागा, म्हणजे होल, उरते. अशा एका इलेक्ट्रॉन-होल जोडीला सुमारे ४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. १०० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनमागे साधारण २२ हजार जोड्या! त्या मोजल्या की फोटॉनची ऊर्जा कळली. पण इलेक्ट्रॉन झपाट्याने धावतात; होल रेंगाळतात, स्फटिकातल्या दोषांत अडकतात. मग सारख्याच ऊर्जेचे दोन फोटॉन वेगवेगळ्या खोलीवर शोषले गेले, तर सिग्नलही वेगवेगळे येतात. यावरचा उपाय मला विलक्षण सुंदर वाटतो : पिक्सेल जाडीपेक्षा लहान करायचे. ॲस्ट्रोसॅटवर जाडी ५ मिलिमीटर, पिक्सेल सुमारे २.५. लहान पिक्सेलवर सिग्नल मुख्यतः इलेक्ट्रॉन अगदी जवळ पोचल्यावरच उमटतो, त्यामुळे अडकलेल्या होलांमुळे येणारी चूक बरीच घटते.

हे किरण भिंगाने वळत नाहीत, मग चित्र सावलीवरून काढतात. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या जाळीची सावली फरशीवर कुठे सरकली, यावरून सूर्य कुठे आहे ते सांगता येते, तसेच. २००४ साली सोडलेल्या स्विफ्ट उपग्रहावर शिशाच्या तुकड्यांची अशी जाळी ३२,७६८ डिटेक्टरांवर सावली टाकते.

अंधुक दिसणाऱ्या स्फोटांसाठी याहून मोठे, निर्दोष स्फटिक हवेत. पण स्फटिक वाढवताना त्यात टेल्युरियमचे बारीक कण राहतात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन तिथेच अडकतात. डिटेक्टर घडवणाऱ्यांची बरीचशी मेहनत या कणांवरच खर्च होते.