पार्थेनॉनच्या परांच्यांमागचा इतिहास

अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवर पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. एवढे रेंगाळणारे काम पाहून मनात येते की इमारतच म्हातारी झाली. खरे तर वयाने तिचे फारसे काही बिघडवले नव्हते. आजच्या कामाचा मोठा भाग विसाव्या शतकातल्या एका दुरुस्तीची दुरुस्ती आहे.

इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन सैन्याने ॲक्रोपोलिस जाळले, तेव्हा इथे एक संगमरवरी मंदिर अर्धवट उभे होते. त्याच्या खांबांचे गोल तुकडे आजही टेकडीच्या उत्तरेकडच्या तटबंदीत चिणलेले दिसतात. नवे मंदिर इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झाले. अथेन्सचा नेता पेरिक्लिस याची सत्ता होती, इक्टिनोस आणि कॅलिक्रेटिस हे वास्तुविशारद, तर शिल्पांची जबाबदारी फिडियासकडे होती. अवघ्या नऊ वर्षांत वास्तू इतकी पुढे गेली की अथेना देवीची सोन्या-हस्तिदंताची मूर्ती आत बसली. इ.स.पू. ४३२ पर्यंत शिल्पकामही आटोपले.

बाहेर ८ बाय १७ खांब, प्रत्येक सुमारे १०.४ मीटर उंच, आणि संगमरवर अथेन्सजवळच्या पेंटेली डोंगरातला. जोत्याची पातळी सरळ नाही. लांब बाजूंना ती मध्यावर सुमारे ११ सेंटीमीटरने उचललेली आहे. खांब किंचित आत झुकलेले, कोपऱ्यांवरचे जरा जाड. त्यामुळे एकाच मापाचे दोन चिरे सहसा सापडत नाहीत, जवळजवळ प्रत्येक दगड त्याच्या जागेपुरता घडवलेला आहे.

या सगळ्यात चुना किंवा गारा कुठेच नाही. शेजारचे चिरे लोखंडी आकड्यांनी जोडले आणि आकड्यांभोवती वितळलेले शिसे ओतले. शिशामुळे लोखंडाला हवा-पाणी लागत नाही आणि भूकंपात सांध्याला थोडे हलताही येते. माझ्या मते पार्थेनॉनची खरी थोरवी कोणाला दिसणारही नाही अशा या कामात आहे.

पुढे मंदिराचे चर्च झाले, मग मशीद. २६ सप्टेंबर १६८७ रोजी ऑटोमन सैन्याने आत दारूगोळा साठवला होता आणि सेनापती मोरोसिनीच्या व्हेनिशियन सैन्याने डागलेला गोळा नेमका त्यावर पडला. छप्पर, गाभाऱ्याच्या भिंती आणि दोन्ही लांब बाजूंचे मधले खांब कोसळले. १८०१ पासून ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी उरलेली शिल्पे उतरवताना वरचे चिरे फोडले, शिल्पपट्टाच्या दगडांच्या पाठी करवतीने कापल्या. ती शिल्पे १८१६ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेली आणि ग्रीस ती अजून परत मागतो आहे. ही मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते.

१८९४ च्या भूकंपानंतर अभियंता निकोलाओस बालानोस यांनी डागडुजी हाती घेतली आणि १९३३ पर्यंत उत्तरेकडचे पडलेले खांब पुन्हा उभे केले. हेतू चांगलाच होता. पण त्यांनी शिशाचे वेष्टण न देता लोखंड वापरले. ते गंजले, फुगले आणि आतून संगमरवर फोडू लागले. अनेक चिरे मूळ जागा सोडून भलतीकडेच बसवले गेले. त्यात शहराच्या दूषित हवेने दगडाचा पृष्ठभाग जिप्समसारखा भुसभुशीत होऊ लागला.

१९७५ मध्ये ग्रीसने ॲक्रोपोलिससाठी तज्ज्ञांची समिती नेमली. वास्तुविशारद मानोलिस कोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांध्यांच्या खाचा, छिन्नीच्या खुणा, झिजेचे डाग पाहून विखुरलेल्या चिऱ्यांची मूळ ठिकाणे शोधली. गंजलेले लोखंड काढून टायटेनियम घातले. जिथे दगड कमी पडतो तिथे पेंटेलीचाच नवा संगमरवर जुन्या तुटक्या कडेला तंतोतंत जुळवून लावतात. त्याचा पांढरेपणा जुन्या मधाळ रंगात उठून दिसतो आणि तो तसाच ठेवला आहे, म्हणजे जुने कुठले आणि आजचे कुठले हे पाहणाऱ्याला कळते. उद्या कोणाला अधिक चांगला उपाय सापडला तर नवा तुकडा मूळ दगडाला धक्का न लावता काढताही येईल.