थ्री नॉट थ्री आणि गावचा पहारा: जम्मूच्या ग्राम सुरक्षा समित्यांची पार्श्वभूमी

भारतात जिवावर बेतलं तर हल्लेखोराला ठार मारण्यापर्यंतची मुभा कायदा देतो. जुन्या दंड संहितेत हा स्वसंरक्षणाचा हक्क ९६ ते १०६ या कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. बंदूक बाळगण्याचा हक्क मात्र कुठल्याच कलमात नाही. तिच्यासाठी परवाना लागतो आणि तो द्यायचा की नाही, हे प्रशासन ठरवतं.

याचं मूळ १८७८ च्या शस्त्र कायद्यात आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळातल्या या कायद्याने भारतीय माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला मनाई केली आणि युरोपियनांना सूट दिली. या अपमानाचा राग पुढच्या पिढ्यांनी मनात ठेवला. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. ज्याला त्याला बाजारातून हवं ते हत्यार विकत घेता आलं, तर राज्य कारभार कसा चालवणार, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. फाळणीच्या कत्तली होऊन जेमतेम वर्ष उलटलं होतं, हे लक्षात घेतलं तर त्या निर्णयाला दोष देता येत नाही. १९५९ चा शस्त्र कायदाही परवान्याच्याच वाटेने गेला. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येऊ लागली.

हे शहरात ठीक. पण पोलीस चौकी जिथे डोंगर उतरून काही तासांवर आहे, तिथे काय करायचं?

हा प्रश्न आधी पंजाबात उभा राहिला. तरनतारन भागातल्या भिखीविंडचे कॉम्रेड बलविंदर सिंग यांच्या घरावर ३० सप्टेंबर १९९० रोजी खलिस्तानी अतिरेक्यांच्या मोठ्या टोळीने हल्ला केला. सरकारने दिलेल्या शस्त्रांच्या बळावर या कुटुंबाने कित्येक तास झुंज देऊन तो परतवला. घरातल्या चौघांना १९९३ मध्ये शौर्य चक्र मिळालं. ऑक्टोबर २०२० मध्ये बलविंदर सिंग यांची घरीच गोळ्या घालून हत्या झाली. त्यांचं पोलीस संरक्षण काही महिने आधी काढून घेण्यात आलं होतं.

जम्मूच्या डोंगराळ भागात काश्मीरमधल्या दहशतवादाचा वणवा पोहोचला तो ऑगस्ट १९९३ मध्ये. किश्तवाडजवळ बसमधून हिंदू प्रवाशांना वेगळं काढून मारण्यात आलं. दोडा, किश्तवाड, रामबनचे पहाड असे की एकेक घर वेगळ्या उतारावर, आणि लष्कर निरोप मिळून येईपर्यंत सगळं संपलेलं. लोक गावं सोडू लागले. पलायन थांबवण्यासाठी १९९५ मध्ये दोडा जिल्ह्यात ग्राम सुरक्षा समित्या उभ्या राहिल्या. माजी सैनिक आणि धडधाकट गावकरी निवडून त्यांच्या हाती थ्री नॉट थ्री रायफली दिल्या. प्रमुख असलेल्या विशेष पोलीस अधिकाऱ्याला, म्हणजे एसपीओला, मानधन मिळे; बाकीचे फुकट पहारा देत.

ही रायफल दोन्ही महायुद्धांत वापरलेली. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा दांडा, हाताने वर करून मागे ओढायचा, पुढे ढकलून खाली दाबायचा, मग पुन्हा नेम धरायचा. समोरच्याकडे एके-४७, तीस गोळ्यांचं मॅगझिन आणि नुसता घोडा दाबून ठेवायचा. तरीही या रायफलीचा उपयोग झाला, कारण हल्लेखोर नि:शस्त्र सावज शोधत येत. घरातून उलट गोळी आली की त्यांचा हिशेब बिघडे आणि आवाजाने शेजारची वस्ती सावध होई. अर्थात अतिरेक्यांनी १९९८ मध्ये केलेल्या प्राणकोट आणि चंपानारीच्या हत्याकांडांनी हेही दाखवलं की हे कवच सगळीकडे पुरत नव्हतं.

समित्या केवळ हिंदूंच्या होत्या, हा समज चुकीचा आहे. पूंछच्या सुरणकोट भागात गुज्जर मुस्लिम महिलांनीही बंदुका उचलल्या. पण काही भागांत समित्या बव्हंशी एकाच समाजाच्या राहिल्या, हे खरं आहे, आणि त्याची किंमत मोजावी लागली. सदस्यांवर खून, बलात्कार, धमकावण्याचे गुन्हे नोंदले गेले. ऑगस्ट २०१३ च्या किश्तवाड दंगलीनंतर समित्या बरखास्त करण्याची मागणी जोरात पुढे आली. छत्तीसगडमध्ये याच वाटेने सलवा जुडूम, म्हणजे माओवाद्यांविरुद्ध सरकारच्या पाठबळाने गावकऱ्यांना हत्यारं देणारी मोहीम, उभं राहिलं होतं. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना तुटपुंज्या मानधनावर एसपीओ म्हणून माओवाद्यांपुढे उभं करणं घटनाबाह्य ठरवलं. माझ्या मते जम्मूतही खरी चूक बंदुका देण्याची नव्हती. त्या दिल्यावर प्रशिक्षण, हिशेब आणि चौकशी या तिन्हींकडे वर्षानुवर्षं पाठ फिरवली गेली, तिथे घात झाला.

मार्च २०२२ मध्ये केंद्राने नवी योजना मंजूर केली आणि १५ ऑगस्टपासून समित्यांच्या जागी ग्राम रक्षक गट आले. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली काम, अतिसंवेदनशील भागात प्रमुखाला महिना ४,५०० आणि सदस्यांना ४,००० रुपये. जुने एसपीओ नाराज झाले, कारण त्यांचं मानधन याहून बरंच जास्त होतं. १ जानेवारी २०२३ च्या संध्याकाळी राजौरीच्या ढांगरी गावात घरांत घुसून गोळीबार झाला, दुसऱ्या सकाळी तिथेच स्फोट झाला. दोन्ही मिळून सात जण गेले, त्यांत मुलं होती. गावातल्या एकाने जुन्या थ्री नॉट थ्रीतून गोळी झाडली तेव्हा हल्लेखोर पळाले. आधी गावातल्या बंदुका परत घेतल्या होत्या, अशी लोकांची तक्रार होती. त्यानंतर सीआरपीएफकडून प्रशिक्षण सुरू झालं आणि प्रत्येक गोळीनंतर पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या एसएलआर रायफली देण्यात आल्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये किश्तवाडमध्ये दोन ग्राम रक्षकांना जंगलातून पळवून नेऊन ठार मारलं. एक मुस्लिम होता, एक हिंदू.