नाडीतला चढउतार आणि एका गुणोत्तराचा हट्ट

सकाळी रंकाळ्यावर फिरणाऱ्यांच्या मनगटावरचं घड्याळ हल्ली एचआरव्ही, म्हणजे ठोक्याठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार, दाखवतं, आणि आकडा घसरला की ताण वाढल्याचं कळवतं. या ठाम निदानाची मुळं १९८०च्या दशकात आहेत.

श्वास घेताना नाडी जलद होते, सोडताना मंदावते, हे एकोणिसाव्या शतकातच नोंदलं गेलं होतं. पुढे १९८१ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात औषधांनी हृदयाकडे जाणारी एकेक नस (मज्जातंतू) गप्प करून ठोक्यांमधल्या लहरी तपासल्या गेल्या. श्वासाच्या लयीतली वेगवान लहर व्हेगसची, म्हणजे हृदयाला मंदावणाऱ्या नसेची निघाली. तिचा हुकूम हृदयाला एका ठोक्याच्या आत पोचतो, तर ताणात हृदयाला वेग देणाऱ्या अनुकंपी नसांचा परिणाम दिसायला काही सेकंद लागतात. संथ लहरीत मात्र दोघींचाही हात होता.

खरा घोळ इथून सुरू झाला. काही वर्षांतच संथ लहरीला वेगवान लहरीने भागून आलेलं गुणोत्तर म्हणजे 'अनुकंपी-व्हेगस समतोल', अशी मांडणी झाली. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने संथ लहरीबद्दल मतभेद असल्याचं लिहिलं होतं, पण सोबत हे गुणोत्तरही तक्त्यात ठेवलं. लोकांनी तक्ता उचलला, मतभेद मागे राहिले. माझ्या मते या विषयाचं सर्वांत मोठं नुकसान तिथे झालं.

रंकाळ्याच्या काठावर प्राणायामाला बसलेल्या काकांचंच बघा. ते मिनिटाला सहा श्वास घेतात, म्हणजे सेकंदाला ०.१, अर्थात ०.१ हर्ट्झ. वेगवान लहरीचा पट्टा ०.१५ पासून सुरू होतो. त्यामुळे काकांची व्हेगसने घडवलेली सगळी लहर संथ पट्ट्यात जमा होते, गुणोत्तर भरमसाट वाढतं आणि शांत बसलेला माणूस कागदावर तणावग्रस्त ठरतो. १९९० च्या दशकापासून या गुणोत्तरावर सडकून टीका झाली आहे. संथ लहर मुख्यतः रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षेपाचं, म्हणजे शरीराच्या आपोआप होणाऱ्या प्रतिसादाचं काम दाखवते, असं अनेक संशोधक मानतात. तरी शोधनिबंधांतून ते गुणोत्तर अजून हटलेलं नाही.

घड्याळांनी ते बहुतेक टाळलं, हे चांगलं झालं. पण एक कंपनी एसडीएनएन दाखवते, दुसरी आरएमएसएसडी. पहिल्यात सगळा चढउतार येतो, दुसऱ्यात लागोपाठच्या ठोक्यांमधला फरक, म्हणजे प्रामुख्याने व्हेगसचं काम. शेजाऱ्याच्या घड्याळावर ६० आणि आपल्यावर ३५ असेल, तर दोन्ही आकडे एकाच मापाचे असतीलच असं नाही. वय, झोप, आदल्या रात्रीची दारू, तालमीतली कालची मेहनत यांनीही आकडा हलतो.